डाव्या डोळ्याचा दाखला

त्या वर्षी माझे देवावरचे मन उडत चालले होते. मी पासष्टीला आलेला डॉक्टर. दवाखाना हिंगोलीत, पण आसपासच्या खेड्यांतले रोगी पाहायला स्वतः मोटार चालवत जायची वीस वर्षांची सवय. पुसेगावच्या रस्त्यावर माझ्या मोटारीची धडक बसून एका बाईचा हात मोडला. तिला मीच सरकारी दवाखान्यात पोचवले, पण शरमेने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलेही नाही. बेफाम गाडी चालवल्याबद्दल कोर्टाने मला दंड केला आणि लायसन्सवर तसा शेरा मारला.

पुढे मोटारीच्या विम्याची मुदत संपली. नांदेडहून एजंट आले. माणूस भला होता; खाली मान घालून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचं वय, आणि त्यात ही शिक्षा. कंपनी तयार नाही. नजर साफ असल्याचा दाखला दिलात, तर एकदा लिहून बघतो." विमा नसताना मोटार रस्त्यावर काढायची माझी छाती नव्हती, आणि मोटारीवाचून अडलेल्या बाळंतिणीपर्यंत पोचणार कसा? एका डॉक्टर मित्राने डोळे न तपासताच दाखल्यावर सही केली. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. हे मी कोर्टातही लपवले होते. रोग्यांसाठीच करतो आहे, अशी मनाची समजूत घातली आणि दाखला खिशात घेऊन प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीने, मन उडाले असले तरी विमा मिळू दे असे मागायला, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो.

दुपारची वेळ होती. गाभारा जमिनीखाली, उतरायला अरुंद, उभा जिना. उन्हातून आत आलो आणि डावीकडची पायरी मला दिसलीच नाही. पाय सुटला तेवढ्यात कोणीतरी माझे मनगट घट्ट धरले. एक शेतकरी बाई होती. तिने मला पायरी-पायरीने खाली नेले, पिंडीपाशी बसवले आणि हळूच विचारले, "डॉक्टरसाब, डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई ना तुमाला?"

मी तिच्याकडे वळून विचारले, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काहून? म्या हात वर करून रस्त्याच्या कडंला हुबी व्हते. तुमी माझ्याकडंच बघत येऊन राहिलते, पर मोटार काही थांबली न्हाई. तवाच समजलं मला."

तेव्हा तिच्या दुसऱ्या हाताकडे माझे लक्ष गेले. तो कोपरापाशी वाकडा जुळला होता. मी हात जोडले, तर ती म्हणाली, "माझ्या पाया पडू नका. देवासमोर बसलाव, त्याला सांगा," आणि वर निघून गेली.  देवाकडे काही मागायचे राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी एजंटासमोर मी तो दाखला फाडला आणि सगळे खरे सांगितले. ते मग म्हणाले, "तुम्ही चालवणार नाही असं लिहून द्या. ड्रायव्हर ठेवा. मी प्रयत्न करतो." महिन्याभरात विमा मंजूर झाला. कळमनुरीचा एक शांत स्वभावाचा ड्रायव्हर मिळाला. एकाही रोग्याकडे जायचे अडले नाही. मोटार हातची गेली तर सारे बुडेल, ही भीती माझी एकट्याचीच होती.

त्या बाईच्या जागी मी असतो, तर पाय घसरणाऱ्या त्या म्हाताऱ्याला हात दिला असता का? खरे सांगतो, दिला नसता. म्हणून मी आता देवाला एवढेच म्हणतो, की तुझी माणसे तू कुठून पाठवतोस ते मला कळत नाही, पण पाठवत जा.