पाय भाजलेली कोंबडी

बाळांनो, त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. लॉकडाऊनमध्ये बाहेर पडायला तासभर मिळायचा, तेव्हा इथे आमच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या बागेत आम्ही रोज समोरासमोरच्या बाकांवर बसायचो. त्या उझबेकिस्तानच्या. आधी रुमालाने बाक पुसायच्या, मग थर्मासमधला हिरवा चहा अर्धाच पेला ओतून सावकाश प्यायच्या. त्यांचा निवांतपणा पाहून मलाही बरं वाटायचं.

देशाच्या सीमा उघडल्यावर एके दिवशी मात्र त्या बसेचनात. बाकाभोवती नुसत्या फेऱ्या मारत होत्या, थर्मासचं झाकण उघडत होत्या, परत लावत होत्या. मी लांबूनच विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"लेक येतेय आज, दोन वर्षांनी," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. मग स्वतःच्या पायांकडे बोट दाखवून हसल्या. "आमच्याकडे याला म्हणतात, पाय भाजलेली कोंबडी."

प्रत्येक गोष्टीला तिचा खण ठरवून द्यायची मला सवय. मी विचारलं, "पण ही भीती म्हणायची की आनंद?"

"कोंबडीला विचारा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा फिरू लागल्या.

आता शनिवारी तुमचं विमान उतरेल. दोन वर्षांत तुम्ही किती उंच झालात, ते फोनवर कळत नाही. तुमच्या पलंगांवरच्या चादरी मी कालपासून तीनदा बदलल्या. शेवटी आजोबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "अगं, तू घाबरलीयस की खूश आहेस?"

मी म्हटलं, "कोंबडीला विचारा."