माझी झडती, त्याचा आवाज

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कोणी पोळ्याचा विषय काढला की मी चष्मा पुसायला घ्यायचो. आता चष्मा पुसूनही फारसं दिसत नाही, तेव्हा सांगून टाकतो.

आमच्या राळेगावकडे पोळ्याला सजवलेल्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि माणसं झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींची टोमणेबाज तुकबंदी. ती संपली की अख्खा गाव 'हर हर महादेव' म्हणून गरजतो. लहानपणी मी एकदा उभा राहिलो आणि दोन ओळींवर अडलो. नेमकं तेव्हाच शेजारच्या बैलानं शेण टाकलं.

"पोट्ट्याची झडती बैलानं पुरी केली बे!" कोणीतरी ओरडलं.

तो हशा डोक्यात इतका बसला, की पुढे मास्तर होऊन रोज वर्गभर पोरांसमोर बोललो, पण तोरणाखाली तोंड उघडलं नाही. लिहिणं मात्र सुटलं नाही. माझ्या शेजारी एक सालदार राहायचा. वर्षाच्या बोलीवर तो गावातल्या कापूस व्यापाऱ्याची शेती सांभाळायचा. आवाज असा, की हाक मारली तर नाल्यापलीकडची म्हैस मान वळवायची. त्याला वाचता येत नव्हतं. मी दोनदा म्हणून दाखवलं की त्याचं पाठ. दर पोळ्याला माझी झडती तो म्हणायचा. "तुम्हीच म्हणा ना गुरुजी, लोक हसले तं माणूस मरते का?" असं आधी दर वेळी विचारायचा. फसली तर त्याची फसली, गाजली तर मी घरी येऊन आरशापुढे मिशीवरून हात फिरवायचो.

कापसाला कोणी विचारत नव्हतं त्या वर्षांतला एक पोळा. मी लिहिलं होतं:

कापूस नेला गाडीभर, मालक म्हणे ओला,
वाळवून नेला दुसऱ्यांदा, म्हणे पिवळा झाला,
तिसऱ्यांदा नेला तवा भावच खाली गेला,
आता कापूस राहू द्या जी, मलेच धरून तोला!

"गुरुजी, मालक चिडन का?" त्यानं विचारलं होतं.

"हसतील रे. पोळ्याचं कोणी मनावर घेते का?"

गाव पोट धरून हसला. मालक हसला नाही. गर्दी पांगल्यावर त्यानं सालदाराला थांबवलं. मी चार हातांवर होतो.

"कोणी लिहून देल्ली?"

"कोणी कायले देईन जी? माह्याच डोक्यातली हाय."

"तुह्या डोक्यात एवढं असतं, तं तू माह्याकडे सालदार राह्यला असता?"

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी तोरणाची आंब्याची पानं मोजू लागलो.

दुसऱ्या दिवशी मालकानं त्याच्या हातातली बैलजोडी काढून दुसऱ्या गड्याला दिली. ती जोडी त्यानं वासरं असल्यापासून वाढवली होती. पाडव्याला साल संपलं, तसा तो बाभुळगावला सरकी काढायच्या जिनात कामाला गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, "गुरुजी, डाव्या बैलाच्या खांद्याले सूज येते. पाहत जा मधून मधून."

पुढच्या पोळ्याला बैल ताटकळले. "औंदा कोणी म्हणणार हाय का नाही?" लोक विचारू लागले. मी पुढे झालो. ठरवलं होतं, आधी झडती म्हणायची, मग मागच्या वर्षीची माझी होती हे सगळ्यांसमोर सांगायचं. दोन ओळी म्हटल्या. तिसरी गायब! आणि त्याच डाव्या बैलानं माझ्याकडे अशी मान वळवली, की माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढचं विसरलो बाप्पा, यालेच विचारा!"

काय हशा झाला! आणि त्या हशानं मला काहीही झालं नाही. इतकी वर्षं ज्याला भ्यालो ते एवढंच होतं. लोकांनी पाठ थोपटली, चहा पाजला. त्या कौतुकात कबुली द्यायची राहिली. विसरलो म्हणालो असतो, पण विसरलो नव्हतो.

एकदा कळंबच्या स्टँडवर तो भेटला. केस पांढरे, आवाज तोच. अर्धा स्टँड वळून पाहू लागला.

"काय गुरुजी! तिसऱ्या ओळीत बसले म्हणे?"

"बसलो ना गड्या."

"मंग? मेले का?"

"नाही."

"मी सांगतच होतो!" तो खदखदून हसला. मग हळूच म्हणाला, "डाव्या कसा हाय?"

मालकानं डाव्याला कधीच विकलं होतं. "बरा हाय," मी म्हणालो. सांगायचं ते ओठांवर आलं, तेवढ्यात त्याची गाडी लागली. मी त्याची पिशवी खिडकीतून आत दिली आणि म्हणालो, "जपून जा."

दोन वर्षांनी तो गेल्याचं कळलं. त्याला म्हणायचं होतं ते तेव्हापासून पाठ आहे, एकही ओळ विसरलेलो नाही: झडती माझी होती, गड्या. त्या दिवशी मी मालकासमोर बोललो असतो तर तुझी जोडी तुझ्याकडे राहिली असती. मी बोललो नाही. मला माफ कर.