ताईने नव्हे, ताईचं

टायपिस्टबाईंना एक खोड होती. कुणी "थोडक्यात सांगायचं तर" म्हणालं की त्यांची बोटं यंत्रावर थांबायची. मनोरुग्णालयाच्या कार्यालयात एकतीस वर्षं त्यांनी लोकांचं वेड टाईप केलं, आणि थोडक्यात एकदाही केलं नाही.

मुळात त्या मानसशास्त्राच्या पदवीधर. पण वडील म्हणाले, "मन वाचून पोट भरत नाही, टायपिंग शीक." बाई टायपिंग शिकल्या आणि मनाच्याच दवाखान्यात चिकटल्या. वडिलांची जिरली.

खोड लावली थोरल्या डॉक्टरांनी. जुन्या मनोविश्लेषणवाल्यांची पुस्तकं वाचून वाढलेला माणूस. ते सांगायचे, "बाई, स्किझोफ्रेनियात शब्दाची वस्तू होते. आपण नाक कापलं म्हणतो आणि विसरतो. हा माणूस आरशापुढे जाऊन नाक चाचपतो. म्हणून तो बोलला तस्सं टाईप करा. काना-मात्रा हलवायची नाही." आणखी म्हणायचे, "ज्याला आपण वेड म्हणतो ती पुष्कळदा मोडतोड नसते. मोडल्यावर त्याने स्वतःच केलेली डागडुजी असते. ठिगळ वेडंवाकडं असेल, पण ओरबाडू नका. खाली काय फाटलंय ते बघा."

आता, त्या जुन्या मंडळींचं सगळंच बरोबर होतं असं मुळीच नाही. पुढे त्यांच्याच पठडीतल्या काहींनी या दुखण्याचं खापर आयांच्या डोक्यावर फोडलं आणि कितीतरी बिचाऱ्या बायका, आपण पोराला कुठे कमी पडलो, म्हणून झुरत बसल्या. शुद्ध मूर्खपणा! आणि नुसत्या बोलण्याने हा आजार हटत नाही. गोळ्या आल्या तेव्हा कुठे वॉर्डांची कुलपं निघाली. बाईंनी दोन्ही जमाने टाईप केले होते, त्यांना हे शिकवायची गरज नव्हती. पण ऐकावं कसं, ते मात्र जुन्यांकडून शिकावं, हे त्यांचं मत कुणी हलवू शकलं नाही.

थोरले डॉक्टर निवृत्त झाले, धाकटे आले. हुशार, कामसू आणि कायम एक पाय दाराबाहेर. बाईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना एका सकाळी ते उभ्याउभ्याच सांगू लागले.

"लिहा. पुरुष, वय अठ्ठेचाळीस, घड्याळदुरुस्तीचं दुकान. जुना स्किझोफ्रेनिया. सहा दिवस फक्त पाणी. पोटाचे फोटो स्वच्छ. ताईने पोटात काहीतरी ठेवलंय असा भ्रम. बहिणीला भेटायला बंदी. उद्या सकाळी नाकातून नळी."

बोटं थांबली. "असं म्हणाले ते? ताई-ने?"

"बाई, मी थोडक्यात सांगतोय."

"तेच तर नको आहे."

बाहेर बाकावर ती ताई नवऱ्याशेजारी बसून रडत होती. "मी माझ्या भावाला विष घालीन का हो?" असं येईल त्याला विचारत होती. बाईंनी वही-पेन्सिल उचलली आणि थेट वॉर्ड गाठला.

घड्याळमास्तर खाटेवर बसले होते, दोन्ही हात पोटावर, काठोकाठ भरलेली घागर सांभाळावी तसे.

"काय ठेवलंय हो पोटात?" बाईंनी विचारलं.

"ताईचं ठेवलंय."

"ताईने ठेवलंय?"

"ताई कशाला ठेवील?" मास्तर चिडले. "मीच ठेवलंय. ताईचं. वरून घास टाकला की ते बाहेर येणार. मग तिचं घर मोडेल. आणि हे लोक उद्या नळी घालतायत!"

बाईंनी ते तस्सं उतरवलं आणि धाकट्या डॉक्टरांपुढे धरलं. "एक अक्षर चुकलंय. भ्रम विषाचा नाही, गुपिताचा आहे."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले, पण माणूस भला. म्हणाले, "बाहेरच्या दोघांना आत बोलवा."

"ताई," डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही भावाला कधी काही पोटात ठेवायला सांगितलं होतं?"

ताईंचं रडणं थांबलं. त्यांनी नवऱ्याकडे तिरक्या डोळ्याने पाहिलं. "अहो, जरा पाणी घेऊन या ना."

"बाटली भरलेली आहे," नवरा म्हणाला आणि आणखी पक्का बसला.

शेवटी ताई जमिनीकडे बघत बोलल्या. "लग्न ठरलं तेव्हा माझं वय चार वर्षं कमी सांगितलं होतं. हा शाळेत होता. म्हटलं, पोटात ठेव, नाहीतर माझं घर मोडेल. आणि गेल्या महिन्यात यांनी पेन्शनचा फॉर्म भरताना नेमकं त्यालाच विचारलं, तुझ्या ताईचं जन्मसाल काय?"

नवरा खो खो हसायला लागला. "अगं, तुझा शाळेचा दाखला मला लग्नानंतर सहा महिन्यांतच ट्रंकेत सापडला! बत्तीस वर्षं मीही पोटातच ठेवलंय."

"मग त्याला कशाला विचारलंत? मला विचारायचं."

"दाखल्यावरचं साल विसरलो होतो, आणि तुला विचारलं असतं तर फॉर्म चुकला असता."

सगळे वॉर्डात गेले. ताई म्हणाल्या, "बाळा, काढून टाक आता. भावोजींना ठाऊक आहे."

मास्तरांनी भावोजींना बराच वेळ निरखलं. मग कुजबुजले, "चार."

"चार. मोजलीत मी."

"घर?"

"शाबूत. छप्पर तेवढं गळतंय, पण ते जुनंच."

मास्तरांचे हात पोटावरून खाली आले. त्यांनी सूप मागितलं. अर्धी वाटी सूप आणि पावाचा एक तुकडा, तोही अगदी सावकाश, घड्याळाचा स्क्रू बसवावा तसा. नळी कपाटात गेली.

बरे झाले, असं कृपा करून म्हणू नका. गोळ्या चालूच राहिल्या आणि रेडिओवरची बाई अजूनही त्यांचं नाव घेते, असं ते सांगतात. पण ते जेवले, ताईंची बंदी उठली, आणि बाईंनी कागदावरचं "ने" खोडून "चं" केलं. डॉक्टरांनी त्यावर स्वतःहून सही केली.

निघताना ताईंनी भावाच्या पाठीवरून हात फिरवला. "पोटभर जेवत जा हो. आणि आता डोकं शांत ठेव."

मास्तर घाबरले. "कुठे ठेवू?"

"आहे तिथेच!" दारातून बाई ओरडल्या, आणि तेही लिहून घेतलं.