कोऱ्या जागी काढलेलं घर

ऑफिसात त्याला सगळे 'पट्टी' म्हणायचे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम सहा इंची पट्टी, लग्नाच्या फोटोतसुद्धा. नकाशे काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्याला जरा जास्तच माहीत होतं.

नव्या हमरस्त्यासाठी आणि त्याला लागून जाणाऱ्या रेल्वेसाठी त्या मुलखाचा नकाशा त्यानंच काढला. वाटेत एक भाग वादातला होता, दोन्ही बाजूंची सरकारं 'आमचा' म्हणायची असा. ऑफिसची रीत अशी, की त्या भागात काही काढायचंच नाही. घर काढलं की ते कुणाच्या हद्दीतलं हे लिहावं लागतं, आणि लिहिलं की कुणाच्या तरी नोकरीवर येतं. त्यापेक्षा कोरं बरं. तिथं माणसं राहत होती, पोरं शाळेत जात होती, आणि कागदावर चिटपाखरू नाही. मग आखणी करणाऱ्या साहेबांनी काय करावं? जिथं एकही घर दिसेना तिथून रेघ नेली. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

त्या कोऱ्या भागात पट्टीची थोरली बहीण राहायची. आई गेल्यावर लोकांचे कपडे शिवून हिनंच त्याला शिकवलं. त्याची पहिली पट्टीही तिच्याच शिवणाच्या डब्यातली. रेघ तिच्या घरावरून जातेय हे त्याला पहिल्या दिवशी कळलं होतं. पण गडी मूग गिळून बसला.

अंगणात रस्त्याच्या आखणीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या तेव्हा ताईनं त्याला बोलावून घेतलं. गावात वाटलेली नकाशाची प्रत जमिनीवर पसरून तिनं विचारलं, "यात आपलं घर कुठंय रे?"

मग या शहाण्यानं काय करावं? पेन काढलं, पट्टी लावली आणि कोऱ्या जागी घर काढून दिलं. अगदी मापात. दोन खोल्या, ओटा, मागची विहीर. वर त्याच्या वळणदार अक्षरात घराचा नंबर.

"हे बघ, हे तुझं," तो म्हणाला. ताईचा चेहरा असा खुलला, की खरं सांगायचा त्याला धीरच झाला नाही. अस्सल नकाशा ऑफिसात होता तसाच कोरा होता.

हरकतींच्या सुनावणीला ती तोच कागद घेऊन आली. नियम साधा, नकाशात दिसेल त्याच घराची हरकत ऐकायची. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तिचा कागद अस्सल नकाशाशेजारी ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे घर कुणी काढलं?"

पट्टी त्यांच्या मागेच नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळत उभा होता. साहेब वळले. "तुमचं काम का हे?"

हो म्हणायला हवं होतं. एवढं एकच अक्षर. नोकरी गेली असती, खरंय. पण खुद्द नकाशा काढणाऱ्यानंच तिथं घर आहे म्हटल्यावर साहेबांना ते लिहून घ्यावं लागलं असतं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "मला काही माहीत नाही."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहानपणी तो तापानं फणफणला की पाहायची, तसं. मग साहेबांना म्हणाली, "मीच काढलं. म्हटलं, दिसेल तरी."

"हात छान आहे हो बाई तुमचा," साहेब म्हणाले. हरकत बाद केली आणि पुढचं नाव पुकारलं.

कागदाची घडी घालत ती त्याच्यासमोर आली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं.

"साहेब," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती त्याला म्हणाली, "बाहेर जायचा दरवाजा कुठं आहे हो?"

जिनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं, ती त्याला अहोजाहो करत होती. त्याची नोकरी राहावी म्हणून.

"सरळ जाऊन डावीकडे, बाई," पट्टी म्हणाला.