टोरीच्या तेलात मुरलेली गिटार

"भाऊ, तार पिळली अन् पट्टीच उखडून आली जी," म्हणत सालेकशाच्या भोजरामकाकांनी गिटार माझ्या टेबलावर ठेवली. खवट वासानं डोकंच फिरलं माझं.

गोंदियात मी गिटार, हार्मोनियम दुरुस्त करतो. फ्रेटबोर्ड म्हणजे गिटारच्या दांड्यावरची, बोटं दाबायची पट्टी. ती कोरडी पडून चिरू नये म्हणून वर्षाकाठी थेंबभर तेल चोळायचं आणि लगेच पुसून काढायचं. काकांच्या पट्टीवर तुपासारखा पांढरा थर गोठला होता.

"काय लावलं हो हिला?"

"टोरीचं तेल. घरचं हाये. दर बाजाराच्या दिवशी लावत होतो."

मोहाच्या बियांचं तेल! ते वाळतच नाही. "बाप्पा! काका, लाकूड आहे का लोणचं?" मी ओरडलोच.

काका स्टुलावर बसून सांगू लागले. पोरगा सुरेश ऑर्केस्ट्रात वाजवायचा. बाजा वाजवून पोट भरते काय, असं काका बोलले, तेव्हा तो गिटार टाकून नागपूरला निघून गेला. वर्षानुवर्षं फोन नाही. आता बहिणीच्या लग्नाला येतो म्हणाला आणि एवढंच विचारलं, माझी गिटार आहे ना?

"उधई-वाळवी लागू नये म्हनून लावत होतो जी. काही बी कर, पन जोडून दे. तो मंगळवारी येऊन राहिला."

मी थिनरनं पुसलं, खरवडलं, ग्लू लावून क्लॅम्पमध्ये आवळलं. क्लॅम्प सोडला की पट्टी हातात. तेल प्यालेल्या लाकडाला ग्लू धरत नाही. खालचा दांडाही तेल पिऊन बसलेला, त्यामुळे नवी पट्टी बसवायचीही सोय नव्हती. वैतागून मी क्लॅम्प फेकला.

मंगळवारी बापलेक स्टेशनवरून थेट दुकानात आले. सुरेशनं पट्टी उचलून पाहिली.

"सडवली ना शेवटी?"

मीच म्हटलं, "अरे, सडू नये म्हणूनच तेल देत होते ते. जास्त झालं."

"टोरीचं? बैलबंडीच्या आखाले देतेत ते? कायले ठेवली मग? जाळून टाकाची होती." गिटार तिथंच सोडून तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

लग्नात तो वऱ्हाड्यांना जेवण वाढत होता, पण बापाशी शब्दही बोलला नाही. गिटार न्यायला आले तेव्हा काकांनीच हे सांगितलं. मग विचारलं, "भाऊ, मी काय कराले पायजे होतं?"

"काहीच नाही, काका. नुसती खुंटीला टांगून ठेवली असती तरी टिकली असती."

मला फार वाईट वाटलं, पण खरं तेच होतं. तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी तेलाआधी पुसायचं फडकं देतो.