टर्कीसाठी टेकवलेलं दार

तारेत तीनच शब्द होते : अक्का गेली. या. मी तेव्हा जळगावकडे एका शेताच्या मोजणीवर होतो. तार वाचली, खिशात ठेवली, हातातली नोंद पुरी केली आणि मगच धुळ्याची बस धरली. हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण मी असाच आहे, आणि अक्काचं माझ्या घरात जे बिघडलं ते माझ्या या असण्यानंच.

अक्का माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. यजमान गेल्यावर शिरपूरजवळच्या खेड्यातून ती आमच्या धुळ्याच्या देवपुरातल्या दोन खोल्यांत आली, एका ट्रंकेसह. ट्रंक आमच्या खाटेखाली गेली आणि अक्का स्वयंपाकघरात. लुगडं काढायचं तर खाटेवरच्या माणसाला आधी उठवावं लागे, म्हणून ती चार-चार दिवस ट्रंक उघडायची नाही. तिला मशेरी लावायची सवय होती. माझ्या बायकोला तो वास सोसत नसे. मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "अक्का, घरात मशेरी नको." ती "बरं, भाऊ" म्हणाली. जमीन मोजणी खात्यात मी लोकांच्या हद्दी काढून देतो. अक्काची हद्द कुठून कुठवर, हे सोळा वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही.

चौसष्ट-पासष्टच्या सुमारास शेजारच्या गुरांच्या डॉक्टरांची बदली झाली. जाताना त्यांनी अक्काला एक टर्की नर आणि दोन माद्या देऊन टाकल्या. या घरात आल्यापासून अक्काचं म्हणावं असं तेवढंच काही. माद्या कुठेही अंडी घालायच्या. शेजाऱ्यांच्या कुंपणात, मोरीमागे. मी मनावर घेतलं. खोक्याच्या फळ्या आणून दोन फूट बाय दोन फूट, उंची दीड फूट, पुढून जाळी, अशी पेटी दोन रविवारांत ठोकली आणि अंगणाच्या मधोमध ठेवली. आठ दिवसांत एकही मादी आत शिरली नाही. अक्का पदर तोंडाला लावून हसली.

"भाऊ, तिन्हं माप लिधं व्हतं का? तू तं तिले कचेरीमा बसाडी ऱ्हायना!"

मग तिनं न्हाणीचं मोडकं दार ओढत नेऊन मागच्या भिंतीला तिरपं टेकवलं. दोन्ही बाजूंना कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांचे भारे लावले, मादी जेमतेम शिरेल एवढी फट ठेवली. आत हातानं माती उकरून खोलगट केली, वाळलं गवत पसरलं आणि पांझरा नदीतला एक पांढरा गोटा अंडं म्हणून ठेवला. तिसऱ्या दिवशी मोठी मादी आत गेली. मी रोज आकडा लिहायला वाकून बघू लागलो, तर अक्कानं मला मागे ओढलं. "देखू नको. तिले कळाले नको की आपले माहीत शे. नही तं ती जागा सोडी दी."

अकरा अंडी झाली आणि मादी उबवायला बसली. त्याच दिवसांत शिरपूरला तिच्या सासरच्या पुतणीचं बाळंतपण निघालं. अक्का जाताना बसच्या खिडकीतून पुन्हा सांगून गेली, "मी येस तंवर हात लावू नको, भाऊ."

मी कॅलेंडरवर खुणा करत होतो. कोंबडीचे एकवीस दिवस, हे मला ठाऊक होतं. टर्कीचे वेगळे असतील असा विचार मनाला शिवला नाही. विचारायची तर सवयच नव्हती. बाविसावा गेला, तेविसावा गेला. बायको म्हणाली, वास येतोय. येत नसावा... पण अंडी सडली असा माझा हिशेब झालेला होता. चोविसाव्या दिवशी मी दार उचललं, फुत्कारणाऱ्या मादीला काठीनं बाजूला केलं आणि अंडी टोपलीत घालून मागच्या खड्ड्यात ओतली. फुटली तेव्हा दिसलं. आत पिसं फुटलेली पिल्लं होती. एकाची मान हलत होती.

अक्का तीन दिवसांनी आली. रिकामं गवत बघून तिनं एवढंच विचारलं, "कितला दिन व्हयनात?"

"चोवीस."

"अठ्ठावीस लागतस, भाऊ. डॉक्टरनी सांगं व्हतं माले."

ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. आठवड्याच्या आत तिनं तिन्ही पक्षी खेड्याकडच्या माणसांबरोबर पाठवून दिले. दार मी काढायला गेलो, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे." त्यानंतर तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, आणि मी ते घर सुरळीत चालल्याचं लक्षण समजलो. दुपारची भांडी झाली की ती "काड्या देखी येस" म्हणून मागे जायची. एवढ्या काड्या काय बघायच्या, असं मी एकदा चारचौघांत हसून बोललोही होतो.

तिचे दिवसवार झाल्यावर बायको म्हणाली, ते दार एकदा काढा, विंचू होतील. मी गेलो, दार उचललं. भाऱ्यांच्या मधली फट रुंद झालेली होती, माणूस अंग चोरून शिरेल एवढी. आत चौघडी केलेलं गोणपाट, मधे बसून-बसून खोलगट झालेलं. भिंतीच्या खाचेत मशेरीची डबी. जवळ तो पांढरा गोटा, हात लागून गुळगुळीत झालेला... दहा वर्षं ती इथं येऊन बसत होती, आणि मला कळू नये म्हणून दार तसूभरही हललेलं नव्हतं.

मी काही उचललं नाही. दार होतं त्याच तिरपेपणानं टेकवलं, भारे सरळ केले आणि घरात आलो.

"काय होतं आत?" बायकोनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "मी बघितलं नाही."