पाच बायकांचं एकच नाक

पाच प्लेटा शेजारी शेजारी मांडल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. पाच गावच्या पाच बायका, पण प्रत्येक प्लेटमध्ये तेच: बारीक पांढरे दाणे आणि मधूनमधून गुलाबी ठिपके.

साठच्या दशकातली गोष्ट. मी शिरूरचा शेख, दौंडच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. ऑपरेशनच्या जखमा चिघळायला लागल्या होत्या. एक सोनेरी जंतू पेनिसिलिनला जुमानतच नव्हता. असा जंतू माणूस नाकात घेऊन हिंडतो आणि त्याला पत्ताही नसतो. म्हणून डॉक्टरसाहेबांनी नियम केला: ऑपरेशनआधी प्रत्येकाच्या नाकात कापसाची काडी फिरवायची. तिला आम्ही स्वॅब म्हणायचो. तो मी रक्त मिसळलेल्या जेलीच्या प्लेटवर ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायचं. सोनेरी उगवलं तर नाकात मलम लावून घरी धाडायचं, ऑपरेशन पुढे ढकलायचं.

पुरुषांचे स्वॅब मी घ्यायचो. बायका मला जवळ फिरकू देत नव्हत्या. शेख काडीनं श्वास काढून बाटलीत कोंडतो, अशी आवई उठली होती. शेवटी बायकांचे स्वॅब वॉर्डातली आया, शेवंतामावशी, आणून द्यायला लागली. मला बरंच झालं, कटकट गेली.

बायकांच्या प्लेटांवर सोनेरी कधीच उगवायचं नाही. तरी केडगावची यमुनाबाई अपेंडिक्स काढल्यावर सहाव्या दिवशी गेली. जखमेत तोच सोनेरी जंतू. आला कुठून? मी भिंती तपासल्या, गाद्या तपासल्या, स्वतःचं नाक तपासलं. काही नाही. त्या वॉर्डाच्या दारावरून जाताना आत कुणीतरी दबा धरून बसलंय असं वाटायचं. भुताखेतावर माझा विश्वास नाही, पण घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू?

त्या सकाळी पाबळच्या कोंडाबाईची प्लेट बघितली. तिच्या पोटात गाठ होती, नऊ वाजता ऑपरेशन. गुलाबी ठिपके ओळखीचे वाटले, म्हणून ठेवून दिलेल्या चार जुन्या प्लेटा काढल्या. माणसागणिक नाकातली वस्ती वेगळी असते. पाच जणींचं नाक एकच कसं?

प्लेट घेऊन मी थिएटरकडे पळालो.

"साहेब, थांबा! ही प्लेट कोंडाबाईची नाही."

"मग कोणाची?" हातमोजे चढवता चढवता साहेब खेकसले.

"माहीत नाही. पण यमुनाबाईचीही अशीच होती."

साहेबांचे हात थांबले. कोंडाबाई टेबलावर जागीच होती. त्यांनी तिला विचारलं, "बाई, नाकात काडी कुणी घातली?"

"कुनीच न्हाई. मावशी म्हनल्या, चमकी नगं काढू, म्या बघती काय ते."

शेवंतामावशी दारात उभी होती.

"माझ्या नाकातली देत व्हते, साहेब. पोरी लई भ्यायच्या. आन् काडी वाईट निघाली की तुमी घरी धाडता. मंग त्यास्नी परत कोन आनतंय?"

मी तिथंच कोंडाबाईचा स्वॅब घेतला, चमकीसकट. दुसऱ्या दिवशी प्लेटभर सोनेरी! पेनिसिलिन लावलेली कागदी चकती ठेवून बघितली, तर जंतू तिला खेटून उगवला. साहेबांनी कोंडाबाईला घरी धाडलं नाही, वॉर्डातच ठेवून मलम लावलं. नाक स्वच्छ झाल्यावर ऑपरेशन केलं. जखम कोरडी भरली.

मावशीनं मला लॅबच्या दारात गाठलं.

"शेखभाऊ, यमुनाला म्या मारली का वो?"

मला तिचा संताप आला होता, चांगलं झापायचं ठरवलं होतं. पुरावा दाखवायला रजिस्टर उघडलं. यमुनाबाईच्या नावापुढे 'जंतू नाही', खाली माझी सही. त्या बाईला मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"एकटीनं नाही, मावशी," मी म्हणालो.

पुढे निवृत्त होईपर्यंत पेशंटचं तोंड बघितल्याशिवाय मी एकाही रिपोर्टवर सही केली नाही.